डंजनची पंगत, ओपन वर्ल्डची जत्रा

कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळच्या साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. सुक्या मासळीचे ढीग, पाळणे, मिठाईची दुकानं आणि माणसांचा पूर. कोणीही यावं, हवं तेव्हा यावं, पाय दुखले की घरी जावं. तुम्ही मध्येच निघालात म्हणून कोणाचं काही अडत नाही. आता लग्नाची पंगत आठवा. पानं मोजून मांडलेली, सगळ्यांनी एकदम बसायचं, आणि शेजारच्याचं जेवण व्हायच्या आधी उठायचं नाही.

ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग खेळांत ही दोन्ही असतात. मोकळा मैदानी भाग, म्हणजे ओपन वर्ल्ड, ही जत्रा. ठरावीक माणसांपुरतं उघडणारं डंजन, म्हणजे इन्स्टन्स, ही पंगत. नवीन खेळाडूंची बहुतेक भांडणं आणि हिरमोड मी एकाच कारणाने होताना पाहिले आहेत: पंगतीत बसून जत्रेसारखं वागणं, किंवा जत्रेत जाऊन पंगतीतल्या वाढप्याची वाट बघणं. कर्जत-खालापूरकडे कॉलेज, नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून रात्री दीड-दोन तास खेळणारी बरीच मुलंमुली आहेत. त्यांनी कधी कुठे जावं, जाताना काय तयारी करावी, हे सांगायला हा लेख लिहितो आहे.

एकाच गुहेच्या अनेक प्रती

डंजनच्या दारातून तुमची पार्टी आत गेली की सर्व्हर त्या गुहेची एक स्वतंत्र प्रत तुमच्यासाठी उभी करतो. त्याच क्षणी दुसरी पार्टी त्याच दारातून आत गेली, तर तिला दुसरी प्रत मिळते. तुमचा बॉस तुमचा, त्यांचा त्यांचा. खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकामध्ये २०१३ पासून हेच तत्त्व दिसतं. ‘मिस्टर इंडिया’च्या राइडमध्ये एक तुकडी आत जाते, दार बंद होतं, गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, आणि पुढच्या तुकडीला तीच गोष्ट पुन्हा नवी मिळते. खेळ बनवणारेही अशा आखीव रचनेला ‘थीम पार्क’ म्हणतात.

सुरुवातीला असं नव्हतं. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये गुहाही सगळ्यांची सामाईक होती. हवी ती वस्तू देणारा राक्षस एकच, आणि त्याच्यासाठी टपून बसलेले गट अनेक. लोक याद्या करून नंबर लावायचे आणि तासन्‌तास एका खोलीत बसून राहायचे. २००१ मध्ये ‘अनार्की ऑनलाइन’ या विज्ञानकथेवरच्या खेळाने प्रत्येकाला मोहिमेची स्वतःची प्रत द्यायला सुरुवात केली. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने पाच जणांची डंजनं आणि चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमा, म्हणजे रेड, घराघरांत पोहोचवल्या. २००५ चा ‘गिल्ड वॉर्स’ तर इतका पुढे गेला की गावाच्या वेशीबाहेर पडलं की पुढचा सगळा प्रदेशच तुमच्या पार्टीची प्रत.

मग वारं उलटं फिरलं. सगळे आपापल्या गुहेत गेले की मैदानं ओस पडतात, हे लक्षात आलं. २०१२ च्या ‘गिल्ड वॉर्स २’ने भर मैदानावर मोठे बॉस आणले आणि नियम केला, की जो मदत करेल त्याला त्याचं बक्षीस वेगळं मिळेल. तिथे झाड तोडलं, खनिज खणलं, तरी ते शेजारच्यासाठी शिल्लक राहतं. रांगेचं भांडण भिंत न घालताही मिटलं.

एक खूणगाठ मात्र बांधून ठेवा: ‘डंजन’ या नावावर जाऊ नका. ‘अल्बियन ऑनलाइन’मधल्या कितीतरी गुहांमध्ये अनोळखी खेळाडू तुमच्यामागून आत येऊन तुम्हाला मारू शकतो. आत जायच्या आधी एवढंच विचारा: हे दार माझ्यामागे बंद होतं का?

दार नीट लागलं नाही तेव्हा

या भिंतीचं मोल २००५ च्या सप्टेंबरात सगळ्या जगाला कळलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘झुलगुरुब’ नावाची वीस जणांची नवी रेड आली होती. तिचा शेवटचा बॉस हक्कार खेळाडूंवर ‘करप्टेड ब्लड’ नावाचा रोग सोडायचा. रक्त झपाट्याने उतरायचं आणि जवळ उभ्या असलेल्यालाही लागण व्हायची. हा रोग रेडच्या आतच राहायला हवा होता. पण शिकारी खेळाडूंनी आपले पाळीव प्राणी आत असतानाच अदृश्य करून ठेवले आणि शहरात जाऊन पुन्हा बाहेर काढले. प्राण्याबरोबर रोगही बाहेर आला. दुकानदारांसारख्या संगणकी पात्रांना तो लागला. ती मरत नव्हती, पण येणाऱ्याजाणाऱ्याला देत होती. नवखे खेळाडू पटापट मरून पडले, शहरांच्या रस्त्यांवर सांगाडे साचले. काही जण उपचार करायला धावले, काही गाव सोडून पळाले, आणि काहींनी मुद्दाम रोग पसरवला. शेवटी कंपनीला सर्व्हर पूर्ववत करून खेळात दुरुस्ती करावी लागली. पुढे २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी या घटनेवर ‘द लान्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये निबंध लिहिला. साथीत माणसं कशी वागतात याचा तो अभ्यास होता.

मला यातून एक गोष्ट पक्की पटली. डंजनमध्ये तुमच्या वागण्याचा भार तुमच्या चार-पाच जणांवर पडतो, पण पुरेपूर पडतो. मैदानात तो शेकडो लोकांवर पसरतो, म्हणून थोडाथोडा जाणवतो. पण पडतो दोन्हीकडे.

माझी पहिली पंगत

‘फायनल फँटसी १४’मधलं सस्ताशा हे पंधराव्या लेव्हलचं पहिलं डंजन. समुद्रकाठची गुहा, आत चाच्यांचा तळ. वाटेत एक चिठ्ठी सापडते, तिच्यात एका रंगाचं नाव असतं. पुढे निळं, लाल आणि हिरवं पोवळं दिसतं. चिठ्ठीतल्या रंगाच्या पोवळ्याला हात लावला की पुढची वाट मोकळी होते. शेवटी डेन नावाचा जलमानव समोर येतो. त्याच्याशी लढताना जमिनीतल्या जाळ्यांमधून बुडबुडे येतात. जिथे बुडबुडे दिसतील तिथे धावत जाऊन ती जाळी दाबावी लागते, नाहीतर खालून त्याचे साथीदार वर येतात.

चार जणांच्या पार्टीत मी हीलर, म्हणजे सगळ्यांना जिवंत ठेवणारा, होतो. जूनची संध्याकाळ, ढग भीमाशंकरच्या बाजूने उतरलेले. डेनचं रक्त निम्म्यावर आलं, मी टँकवर, म्हणजे मार झेलणाऱ्या गड्यावर, उपचाराचा मंत्र टाकला, आणि घरातली लाईट गेली. राऊटर बंद, पडदा काळा. वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा तिघेही निघून गेले होते. त्यांनी काय लिहिलं असेल ते मला दिसलं नाही, पण हीलरविना त्यांचं काय झालं असेल हे मी समजू शकत होतो. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी राहून पावसाळ्याच्या तोंडावर मी बिनतयारीने तिघांना शब्द दिला होता. चूक वाऱ्यापावसाची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: डंजनमध्ये शिरणं म्हणजे शब्द देणं. देता येत नसेल त्या दिवशी मैदानात खेळायचं.

आधी स्वतःला तीन प्रश्न

*माझ्याकडे सलग वेळ आहे का?* साधं चार-पाच जणांचं डंजन वीस ते चाळीस मिनिटं घेतं. नवखी पार्टी असेल तर त्याहून जास्त. ‘फायनल फँटसी १४’मध्ये डंजनला नव्वद मिनिटांची मुदत असते. त्यामुळे हाताशी सलग एक तास असेल तरच डंजनसाठी पार्टी जुळवणाऱ्या रांगेत नाव घाला. टँक किंवा हीलर नसाल तर रांगेतच पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात, तीही धरा. जेवणाची हाक अर्ध्या तासात येणार असेल तर मैदानात जा.

*लाईट आणि रेंज टिकेल का?* वळवाच्या दिवसांत आणि जून-जुलैत हा प्रश्न पहिला. राऊटरला चालणारा छोटा यूपीएस मिळतो, तो आपल्या भागात खरोखर उपयोगी पडतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. या खेळांना व्हिडिओपेक्षा कमी डेटा लागतो, तेव्हा अडचणीत मोबाइलवर अर्धा तास सहज निभावतो. मोठं डाउनलोड आणि अपडेट मात्र घरच्या वायफायवर आधीच उरकून ठेवा. विजा कडाडत असतील तर खेळ बंद करून प्लग काढा. कोणतंही डंजन मशीनपेक्षा महाग नाही.

*आज मला माणसं हवी आहेत का?* दिवसभर कामात डोकं शिणलं असेल, कोणाशी बोलायची इच्छा नसेल, तर पंगतीत बसू नका. मैदानात एकट्याने वनस्पती गोळा करणं, मासे धरणं, नकाशाचे कोपरे धुंडाळणं हा खेळाचा तितकाच खरा भाग आहे.

लोकलमध्ये मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी उत्तर सोपं आहे. बदलापूर सुटलं की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत या टप्प्यात रेंज वरखाली होते. पुढे खोपोलीच्या शटलमध्येही तेच. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्ये लाकडं तोडा, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पेट्या शोधा. गाडीत बसून डंजनच्या रांगेत नाव घालू नका.

डंजनला जाताना

निघण्याआधी पाच गोष्टी तपासा. शस्त्र-चिलखत दुरुस्त आहे का. पिशवीत जागा आहे का. औषधं आणि खाणं घेतलं का. नवीन लेव्हलला मिळालेले मंत्र बटणांवर लावले का. आणि घरात सांगितलं का की आता तासभर उठता येणार नाही.

आपली भूमिका समजून घ्या. टँक मार स्वतःवर ओढून घेतो, हीलर सगळ्यांना जिवंत ठेवतो, बाकीचे शत्रू पाडतात. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये एक टँक, एक हीलर आणि तिघे मारणारे. ‘फायनल फँटसी १४’मध्ये मारणारे दोघे. टँकच्या पुढे धावू नका. तुम्ही आधी शत्रू छेडलात तर मार तुम्हाला बसतो, हीलरचा मंत्र तुमच्यावर खर्च होतो आणि टँक उघडा पडतो. चौघांचा खेळ एकाच्या घाईने बिघडतो.

आत शिरताच चॅटमध्ये लिहा की मी पहिल्यांदा आलो आहे. लाजू नका. अनुभवी खेळाडू बहुतेक वेळा थांबतात, समजावतात. जे समजावत नाहीत त्यांनाही निदान कळतं की चूक मुद्दाम होत नाही. बॉसपुढे पार्टी पडली तर पहिला प्रश्न ‘कोणामुळे’ असा नको, ‘कशामुळे’ असा विचारा. जमिनीवर लाल गोल उमटला तेव्हा आपण कुठे होतो, बुडबुड्यांची जाळी कोणी दाबायची होती, एवढं ठरवून पुन्हा उभे राहा.

लूट वाटताना ‘नीड’ हे बटण आपल्या पात्राला वस्तू खरोखर लागत असेल तरच दाबा. विकायला हवी असेल तर ‘ग्रीड’ आहे. पंगतीत शेजारच्याच्या पानावरची जिलबी कोणी उचलत नाही.

निघावंच लागलं तर सांगून निघा, आणि बॉस पडल्यावर निघा, लढाईच्या मध्ये नाही. बहुतेक खेळांत मध्येच सोडणाऱ्याला काही काळ रांगेत नाव घालता येत नाही. ‘फायनल फँटसी १४’मध्ये ही शिक्षा अर्ध्या तासाची आहे. लाईट जाऊन बाहेर फेकले गेलात तर मात्र लगेच परत लॉगिन करा. पार्टी अजून आत असेल तर बहुतेकदा तुम्ही तिथेच उभे सापडता. परतल्यावर एक ओळ लिहा: वीज गेली होती, माफ करा. लोक समजून घेतात.

आणि भीती वाटत असेल तर सरावाची सोय आहे. ‘फायनल फँटसी १४’मध्ये ‘ड्युटी सपोर्ट’ निवडलं की कथेतली डंजनं संगणकी साथीदारांबरोबर खेळता येतात. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये २०२४ च्या जानेवारीपासून ‘फॉलोअर डंजन’ आली आहेत. तिथे तुम्ही वाट चुकलात, थांबलात, लाईट गेली, तरी कोणाची संध्याकाळ वाया जात नाही. नवीन डंजन आधी असं एकदा पाहून घ्या, मग माणसांबरोबर जा.

मोकळ्या रानात फिरताना

मैदानात पहिला नियम: हरवलं तरी चालेल एवढंच बरोबर न्या. ‘अल्बियन ऑनलाइन’मध्ये प्रदेशांना रंग आहेत. निळ्यात तुमचं सामान सुरक्षित. पिवळ्यात कोणी पाडलं तरी सामान लुटता येत नाही. लाल आणि काळ्यात मेलात तर अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं जातं. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’च्या ‘विल्डरनेस’मध्येही दुसरा खेळाडू तुम्हाला मारून सामान नेऊ शकतो. म्हणून सीमा ओलांडण्याआधी बँकेत जा, जास्तीचं ठेवा, दर फेरीला माल आणून टाका. ‘अल्बियन’चा आशियाई सर्व्हर सिंगापूरला आहे. आपल्याकडून तो निवडा, पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, कमी होतो, आणि पळून जाताना त्याचा उपयोग होतो.

दुसरा नियम: दुसऱ्याची लढाई ओळखा. मैदानी बॉसवर सगळ्यांना बक्षीस असेल तर बेलाशक सामील व्हा. पण एखादा एकटाच राक्षसाशी झुंजत असेल आणि त्या खेळात पहिला वार करणाऱ्यालाच फळ मिळत असेल, तर थांबा. तो अडचणीत असेल तर त्याला बरं करा आणि पुढे जा. अशी अनोळखी मदत ही ओपन वर्ल्डची सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि ती डंजनच्या भिंतीआड मिळत नाही.

तिसरा नियम: मैदानातही मुक्काम ठरवा. जत्रेत वेळ कळत नाही, तसंच इथे होतं. ‘आणखी एक क्वेस्ट’ म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो. डंजन निदान संपतं, मैदान संपत नाही. तेव्हा खेळ सुरू करतानाच गजर लावा.

कोणी खेळातलं सोनं पैशांत विकतो म्हणाला, कोणी फुकट वस्तूसाठी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर उत्तरही देऊ नका. खातं जातं, कधी पैसेही जातात.

वेळ त्यांची, घड्याळ आपलं

हे खेळ जागतिक वेळेवर चालतात, आपण साडेपाच तास पुढे आहोत. हिशोब एकदा भिंतीवर लावून ठेवा. ‘फायनल फँटसी १४’ची रोजची कामं आपल्याकडे रात्री ८.३० ला नव्याने सुरू होतात, आठवड्याची मंगळवारी दुपारी १.३० ला. ‘गिल्ड वॉर्स २’चा दिवस पहाटे ५.३० ला बदलतो. तिथला नवख्यांसाठीचा मैदानी बॉस ‘शॅडो बेहेमथ’ दर दोन तासांनी येतो. आपल्या वेळेने संध्याकाळी ७.१५, रात्री ९.१५ आणि ११.१५. ९.१५ चा धरा. कामावरून येऊन जेवून बसायला ती वेळ जमते.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये ‘डोमेन’ हे डंजन. तिथलं बक्षीस घ्यायला ‘रेझिन’ लागतं. ते आठ मिनिटांना एक भरतं आणि २०० वर थांबतं, म्हणजे रिकामी टाकी भरायला २६ तास ४० मिनिटं. डोमेनच्या एका बक्षिसाला वीस रेझिन जातं. तेव्हा अख्खी रात्र जागून डोमेनमधून जास्त काही हाती लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत हे ध्यानात ठेवा: रोजची वीस मिनिटं पुरतात.

आईवडिलांसाठी दोन शब्द

मुलगी म्हणाली ‘मध्येच उठता येत नाही’, तर ती दर वेळी बहाणा करत नसते. डंजनला थांबवायचं बटण नसतं, पलीकडे खरी माणसं असतात. प्लग काढण्याऐवजी सुरू करण्याआधी विचारा, हे किती मिनिटांचं आहे? आणि मुलांनो, अर्धा तास सांगितलात तर अर्ध्या तासाने उठा. घरच्यांना दिलेला शब्दही शब्दच आहे. मैदानात खेळत असाल तर ‘पाच मिनिटं’ची सबब मुळीच नको. तिथून कधीही निघता येतं.

सुरुवात अशी करा

खर्च न करताही हे सगळं अनुभवता येतं. ‘गिल्ड वॉर्स २’चा मूळ खेळ फुकट आहे. ‘फायनल फँटसी १४’ची चाचणी आवृत्ती सत्तराव्या लेव्हलपर्यंत मुदतीशिवाय चालते. पहिला आठवडा फक्त मैदानात घालवा. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये ह्यूमन पात्र घ्या, क्वीन्सडेलमध्ये फिरा आणि एका रात्री ९.१५ ला दलदलीत जमलेल्या अनोळखी गर्दीत उभे राहा. दुसऱ्या आठवड्यात, हवा स्वच्छ असलेल्या रविवारी दुपारी, ‘फायनल फँटसी १४’मधलं सस्ताशा संगणकी साथीदारांबरोबर पुरं करा. पोवळ्याचा रंग आणि बुडबुड्यांची जाळी लक्षात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात माणसांबरोबर जा. बॅटरी भरलेली, राऊटरला यूपीएस, घरात सांगितलेलं. आणि एकदा पानावर बसलात की शेवटचा जेवेपर्यंत उठू नका.